थकबाकी

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दप्तरात एक छापील पत्र असे. वर मंडळीचं नाव, खाली 'सलाम', आणि मग मजकूर: आपली अमुक महिन्यांची वर्गणी येणे आहे, ती अमुक तारखेच्या आत भरावी, न भरल्यास वार्षिक सभेच्या मतदार यादीत आपलं नाव राहणार नाही. शेवटी दोन सह्या, पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या रेव्हरंडांची, आणि सेक्रेटरीची. सेक्रेटरी मी. शाळेतून निवृत्त झालो त्याच वर्षी कमिटीने हे काम माझ्या गळ्यात घातलं. ३४ वर्षं हजेरीपट भरलेल्या माणसाच्या हातात रजिस्टर दिलं की तो तक्रार करत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

त्या डिसेंबरात मी अशी १९ पत्रं पाठवली. नाताळाच्या आधी येणी वसूल झाली की घरोघर नाताळगीतं गात फिरायच्या कॅरल राउंडचा, केकचा, दिव्यांच्या माळांचा खर्च निघतो, इतका साधा हिशेब. १९ पैकी एक पत्र आक्कांना गेलं.

आक्का म्हणजे डाव्या बाजूच्या खांबाला टेकून बसणाऱ्या बाई. पंचाहत्तरी ओलांडलेली, घरी एकट्याच. फिकं पातळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र, उपासना-संगीत आणि चष्म्याचं घर. वर्गणी महिना १०० रुपये, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. पावती हातात पडल्याशिवाय माझ्या टेबलापासून हलायच्या नाहीत. जूनपासून त्यांच्या नावापुढच्या चौकटी कोऱ्या होत्या. मी सहा चौकटी मोजल्या, ६०० रुपये लिहिले आणि सही केली.

आठवड्याने उपासना सुटल्यावर व्हेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या खोलीच्या, दाराशी एक कॉलेजातला मुलगा उभा दिसला. आमच्या मंडळीतला नव्हता. कपाळावर टिळा, हातात पाकीट. "आक्कांनी दिलंय, मी शेजारी राहतो." पाकिटात शंभराच्या सहा नोटा आणि माझंच पत्र. पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने चार ओळी: उशीर झाला, क्षमा असावी. जूनमध्ये मोरीत पडले, मांडीचं हाड मोडलं. आता बरी आहे. उपासनेला येता येत नाही.

मी ते पत्र पाळकसाहेबांकडे नेलं. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. छापील बाजूला त्यांचीच सही होती. मग त्यांनी मला विचारलं, "ह्या कोण?"

पहिल्यांदा राग आला तो त्यांचाच. हा माणूस दीड वर्षं या मंडळीचा पाळक आहे, दर रविवारी खांबाच्या दिशेने तोंड करून उपदेश करतो, आणि विचारतो कोण! घरी जाताना स्कूटरवर दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. त्यांना आक्का माहीत नव्हत्या. मला माहीत होत्या. आक्का नाहीत हे माझ्या रजिस्टरला सहा महिने कळत होतं. फक्त रुपयांत कळत होतं.

मराठी ख्रिस्ती माणसाने रेव्हरंडला 'पाळक' म्हटलं. आपल्याकडे शेळ्या पाळतात, शब्द पाळतात, पथ्य पाळतात. तिन्हींत रोजचं काम आहे. एका दिवसाची हयगय झाली की मागचं सगळं वाया. आणि चर्चच्या लोकांना आपण म्हटलं 'मंडळी'. बाहेरच्या मराठीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको. त्यावरून आमच्याकडे एक जुना विनोद आहे: पाळकाला दोन मंडळ्या असतात, आणि घरची मंडळी चर्चच्या मंडळीच्या नावाने कायम कुरकुरत असते. माझ्या लहानपणच्या पाळकांच्या घरी तर ती नक्कीच कुरकुरत असणार.

आमचं गाव प्रवरेच्या काठचं. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं, आणि पुढच्या दुष्काळांच्या काळात त्या जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत ख्रिस्ती वस्त्या झाल्या. त्यांतली आमची एक. पंधरावीस घरांची मंडळी, कौलारू देऊळ. हो, आमची म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. पाळक एक, गावं पाच, सायकल एक. बुधवार आमचा. ऊन उतरल्यावर साहेब यायचे, सायकल लिंबाला टेकवायचे आणि ओट्यावर बसायचे. खाट टाकली तरी तिच्यावर बसत नसत.

त्यांच्या खिशात रतिबाच्या वहीसारखी एक छोटी वही असे. एकदा ते आमच्या रांजणापाशी हातपाय धूत होते तेव्हा ती ओट्यावर राहिली आणि मी उघडली. मला वाटलं होतं आत वचनं असतील. आत असं होतं:

पाटाजवळचं घर — म्हैस, विचारणे.

शिंपी — मुलाचं पत्र आलं का?

विहिरीवरच्या बाई — काही विचारू नये. नुसतं बसणे.

विहिरीवरच्या बाईंची लेक त्या उन्हाळ्यात गेली होती. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. 'विचारणे' समजलं, पण बसायला कुणी मुद्दाम लिहून ठेवतं, याचं हसू आलं. आईला सांगितलं तर तिने मला दटावलं आणि वही होती तशी ठेवायला लावली. आज मला त्या वहीतलं दुसरं काही आठवत नाही.

साहेबांचा उपदेश, खरं सांगायचं तर, यथातथा. आवाज खोल, वाक्य अर्ध्यावर सुटायचं, वर्षात तीन-चार विषय आलटून पालटून. तरी कुणी पेंगत नसे. ते कुणाचं नाव घेत नसत, पण म्हशीचं वासरू गेलेल्या माणसाला त्या रविवारी सगळी जनावरं गमावलेल्या ईयोबाचा उतारा का वाचला गेला ते कळत असे. पुढे पुण्यात मी फार उत्तम वक्ते ऐकले. बायबल कॉलेजचे, परदेशी जाऊन आलेले. ग्रीक शब्दाचा अर्थ सोडवून सांगणारे. त्यांचं बोलणं लक्षात राहिलं आहे, पण आपल्याला उद्देशून कुणी बोललं असं वाटल्याचं फारसं आठवत नाही.

त्याच ओट्याच्या पलीकडे, आमच्या कापणी झालेल्या रानात, दिवाळीनंतर धनगर मेंढरं बसवायचे. खतासाठी शेतकरीच त्यांना बोलवायचे. संध्याकाळी वाघूर लावलेली, जाळ्याच्या आत मेंढरं शिरताहेत, धूळ, आणि तो वास. वडिलांनी एकदा म्हाताऱ्या धनगराला विचारलं, "किती हायेत?" तो म्हणाला, "हायेत की." आकडा सांगितला नाही, त्याला तो महत्त्वाचा वाटत नसावा. मग तंबाखू मळता मळता थांबला. "कानफाटी ऱ्हायली," म्हणाला, आणि पोराला ओढ्याकडे पिटाळलं. त्याने मोजलं नव्हतं. मला तर सगळी मेंढरं एकाच ठशाची दिसत होती. त्याला एक चेहरा दिसला नाही, एवढंच.

शंभरातलं एक हरवलं आणि मेंढपाळ ९९ रानात ठेवून त्याच्या शोधात गेला, हा लूकच्या शुभवर्तमानातला दाखला मी किमान दोनशे वेळा उपदेशात ऐकला असेन. प्रत्येक वेळी भर त्या जाण्यावर असतो. काटेकुटे, दरीखोरी, खांद्यावर घेऊन येणं. त्याच्या आधीचं काम कुणी सांगत नाही. त्याला कळलं कसं? ९९ आणि १०० यांत लांबून पाहिलं तर फरक नसतो. आमच्या चर्चमध्ये रविवारी ३०० माणसं येतात. २९९ आली तर बाक तितकाच भरलेला दिसतो, दानपेटी तितकीच जड लागते. एक नाही हे कळायला ते एक आधी नीट पाहिलेलं असावं लागतं, हरवलेलं नसताना.

हे काम सोयीवर सोडून चालणार नाही, हे चर्चला फार पूर्वी कळलं होतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली ठरवून टाकलं की ज्यांच्याकडे आत्म्यांची काळजी सोपवली आहे त्यांनी आपली मेंढरं ओळखणं ही देवाचीच आज्ञा आहे. त्या काळी बिशप आपल्या प्रांतात राहतच नसत, कुठेतरी दरबारात असत, म्हणून हे लिहून काढायची पाळी आली. मग १६१४च्या रोमन विधिग्रंथात पॅरिशने, म्हणजे एका धर्मगुरूच्या हद्दीतल्या मंडळीने, कोणती पुस्तकं ठेवायची ते सांगितलं: बाप्तिस्म्याचं, दृढीकरणाचं (बाप्तिस्मा पक्का करायच्या विधीचं), विवाहाचं, मृत्यूचं, आणि पाचवं 'आत्म्यांच्या स्थितीचं'. या पाचव्यात घरागणिक नोंद. घरात कोण कोण, वय काय, दृढीकरण झालंय का, प्रभुभोजनात, भाकर-द्राक्षारसाच्या विधीत, भाग घेतात का. माझा एक वसईचा मित्र आहे, कॅथलिक. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे फादर घराला आशीर्वाद द्यायला येतात तेव्हा आई आधी कितीतरी वेळ कपाट आवरते. पण येतात. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यात कलम ५२९ आहे: पॅरिशच्या धर्मगुरूने आपल्या लोकांना ओळखण्याचा यत्न करावा, त्यासाठी कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंतांत आणि दुःखांत, विशेषतः कुणी गेलं असेल तेव्हा, सहभागी व्हावं. कायद्याच्या पुस्तकात हे वाचून मला त्या पुस्तकाबद्दल आदर वाटला.

आणि माझ्या रजिस्टरची शरम वाटली. त्याचा पूर्वज 'आत्म्यांच्या स्थितीचं पुस्तक', आणि वंशज येण्यांची यादी. चौकटी तशाच, घरंही तीच. मधे कुठेतरी स्थिती गेली आणि शिल्लक उरली.

अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, १६६२च्या प्रार्थनापुस्तकात डीकनच्या, म्हणजे पाळकाच्या हाताखालच्या सेवकाच्या, दीक्षाविधीत एक वाक्य आहे, त्याने तर मला थेट पकडलं. डीकनचं काम काय, तर पॅरिशमधले आजारी, गरीब, असहाय लोक शोधून काढायचे आणि त्यांची स्थिती, नावं आणि राहण्याचं ठिकाण पाळकाला कळवायचं. नाव आणि पत्ता! मी डीकन नाही. पण आक्कांचं नाव माझ्याकडे होतं, पत्ता माझ्याकडे होता, आणि पाकिटावर तो सुवाच्य अक्षरात मीच लिहिला होता.

या विषयावर ज्याच्याशी मी गेले काही महिने मनातल्या मनात भांडतो आहे तो माणूस सतराव्या शतकातला इंग्रज पाळक आहे, रिचर्ड बॅक्स्टर. गाव किडरमिन्स्टर, वुस्टरशरमधलं विणकरांचं. तो तिथे १६४१ला आला, यादवी युद्धाने मधे काही वर्षं बाहेर गेला, परतला आणि १६६०पर्यंत राहिला. आयुष्यभर आजारी, त्याच्या दुखण्यांचीच एक यादी होईल. गावात वैद्य नव्हता म्हणून काही वर्षं फुकट औषधंही द्यायचा. पॅरिशमध्ये आठशेवर कुटुंबं. बॅक्स्टर चांगला बोलायचा, चर्च इतकं भरायचं की माड्या बांधाव्या लागल्या. असा माणूस मध्येच थांबून स्वतःला विचारतो की ऐकणाऱ्याला कळतंय का? आणि त्याला आढळतं की दहा दहा वर्षं समोर बसलेल्या माणसाला ख्रिस्त देव की माणूस हेही सांगता येत नाही. मग तो आणि त्याचा सहायक सोमवार आणि मंगळवार बाजूला काढतात. आठवड्याला चौदा-पंधरा कुटुंबं, एकेकाला सुमारे तासभर. सहायक आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जायचा, गावातली कुटुंबं बॅक्स्टरकडे यायची. असं करत वर्षात सगळं पॅरिश एकदा होतं. त्याने लिहून ठेवलंय की काही जणांना दहा वर्षांच्या जाहीर उपदेशातून जे मिळालं नव्हतं ते अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्यातून मिळालं. उपदेशकाने असं लिहायला छाती लागते.

मला त्याचं दुसरं एक बोलणं जास्त भिडतं. ४ डिसेंबर १६५५ला त्या भागातल्या पाळकांची वुस्टरला सभा होती, आपापल्या हयगयीबद्दल देवापुढे नम्र होण्यासाठी. बॅक्स्टर आजारपणामुळे जाऊ शकला नाही; बोलायचं होतं ते त्याने लिहून काढलं आणि पुढच्या वर्षी छापलं. त्यात तो इतरांना झोडपतो, पण आधी स्वतःकडे पाहून म्हणतो की इतकं उघड कर्तव्य मी इतकी वर्षं कसं टाळलं याचं मलाच आश्चर्य वाटतं. टाळण्याची कारणंही प्रामाणिक आहेत: लोक हसतील असं वाटलं, आपली ताकद पुरणार नाही असं वाटलं. सुरू केल्यावर कळलं की अडचण वाटली होती तितकी नव्हती. गावातल्या मोजक्याच घरांनी नकार दिला.

तरी भांडण आहेच. बॅक्स्टरच्या भेटीत आधी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली म्हणून घ्यायची, मग अर्थ विचारायचा, मग मनाला हात घालायचा. मी शिक्षक, मला ही तोंडी परीक्षा लांबून ओळखू येते. पोरगं घोकून येतं, तुम्ही खूश होता, आणि त्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही. बॅक्स्टरला ते कळत असावं, नाहीतर मागावर काम करताना समोर पुस्तक ठेवणारे विणकर त्या गावात तयार झाले नसते. पण त्याची पद्धत उचलणाऱ्याला कळेल याची खात्री नाही.

त्याच्याआधी वीसेक वर्षं, सॉल्झबरीजवळच्या बेमर्टनला जॉर्ज हर्बर्ट नावाचा कवी पाळक होता. जेमतेम तीन वर्षं. १६३३ला चाळिशीच्या आत गेला. त्याचं म्हणणं असं की आठवड्यातल्या दुपारी लोकांकडे जावं, कारण तेव्हा ते आपापल्या व्यवहारात बुडालेले, जसे आहेत तसे सापडतात. रविवारी ते शिस्त अंगावर चढवून येतात, सणाच्या कपड्यांसारखी. आणि झोपडीत वाकून, रांगत शिरावं लागलं, तिथे कितीही घाण वास येत असला, तरी पाळकाने कमीपणा मानू नये. हर्बर्ट मोठ्या घराण्यातला, दरबाराची आस बाळगून असलेला. त्याने वासाबद्दल लिहिलं ते उगीच नसणार. पोप फ्रान्सिस २०१३ साली पवित्र गुरुवारी धर्मगुरूंना म्हणाले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. जगभर त्याचं कौतुक झालं. आमच्या रानात वाघुरीपाशी उभं राहिलेल्याला त्यात कविता दिसत नाही. तो वास धुतला तरी दोन दिवस जात नाही.

आता पाळकांच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर माझं हे लिहिणं म्हणजे निवृत्त मास्तरची उलटतपासणी होईल. आमच्या मंडळीत ४५० कुटुंबं. बॅक्स्टरच्या वेगाने गेलं तर ३० आठवडे. पण त्याच्याकडे सहायक होता, आमचे साहेब एकटे. त्यांचा सोमवार कमिटीत जातो, मंगळवार जागेच्या दाव्याच्या वकिलाकडे, मग शाळेची बैठक, लग्नाची शिकवणी, अंत्यविधी. तीन-चार वर्षांत बदली; म्हणजे नावं पाठ होईपर्यंत ट्रक दाराशी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत थॉमस चाल्मर्स या पाळकाला १८१९ साली सेंट जॉन्सचं पॅरिश मिळालं तेव्हा त्यात दहाएक हजार माणसं होती. त्याने त्याचे २५ भाग पाडून प्रत्येक भागावर वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) आणि डीकन नेमले. त्याला कळलं होतं की एकट्याने होणार नाही. आम्हीही कागदावर भाग पाडले आहेत. प्रत्येक भागाचा एक प्रमुख आहे, आणि तो कॅरल राउंडचा मार्ग ठरवतो.

आणि आम्ही लोक तरी कुठे सापडतो? खाली वॉचमन, रजिस्टरमध्ये सही, वरून फोन, मग लिफ्ट. पाळकसाहेब येणार म्हटलं की टीव्ही बंद, मुलगा अभ्यासाला, टेबलावर पवित्र शास्त्र. काही घरांत साहेबांनी न कळवता आलेलं आवडत नाही, आणि कळवून आले तर त्यांना फक्त बिस्किटं दिसतात. मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर वाढदिवसाला केकची चित्रं पडतात, साहेब न चुकता आशीर्वाद टाकतात. आक्कांकडे बटणांचा फोन. ग्रुपवर नसलेला माणूस आजारी पडत नाही.

एक गोष्ट अशीही घडली आहे, इथे नाही, मी पूर्वी होतो त्या दुसऱ्या एका मंडळीत. तिथले पाळक घरोघर फिरणारे. लोक मोकळं बोलायचे. एका रविवारी व्यासपीठावरून ते म्हणाले, "आपल्यातल्याच एका घरात..." नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, त्या घरातली थोरली मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती. ते कुटुंब पुन्हा त्या देवळात आलं नाही. पण खरं नुकसान उरलेल्यांचं झालं. त्यानंतर त्या पाळकांना सगळीकडे चहा मिळायचा, बातमी मिळायची नाही. कॅथलिकांकडे पापनिवेदनात ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही हा लोखंडी नियम आहे. आमच्या ओट्यावर, मोरीच्या दाराशी, दवाखान्याच्या रांगेत जे कानावर पडतं त्याला कुठली जाळी नाही, पडदा नाही. ते फक्त पाळकाच्या पोटात राहायचं असतं. आमच्या गावच्या साहेबांची वही त्यांच्याबरोबर पुरली की जाळली, मला माहीत नाही. कुणाच्या हाती लागली नाही एवढं खरं.

तर, आक्का.

आम्ही मंगळवारी गेलो. साहेबांनी वकिलाला फोन करून पुढची तारीख मागितली, हे मी ऐकलं. जुना वाडा, लाकडी जिना, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. जिन्यात साहेब थांबले आणि हळूच म्हणाले, "पूर्ण नाव काय त्यांचं?" मी सांगितलं. त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं.

तोच टिळावाला मुलगा दार उघडायला. सहा महिने त्याची आई दोन वेळचं ताट आणून देत होती. आक्का खिडकीपाशी लोखंडी खाटेवर, उशाला वॉकर. उठायला गेल्या, साहेबांनी थांबवलं.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम, आक्का. कशी आहे तब्येत?"

"माझं काय. धाकट्याचा दमा कसाय? थंडी पडली की त्याला त्रास."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलेलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी, ते आले त्या पहिल्याच रविवारी, मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्यांनी आपल्या मुलाच्या आजाराचा उल्लेख केला होता. एकदाच. आक्कांनी तो पिशवीत घालून घरी आणला होता. दोन्ही मुलांची नावं त्यांना पाठ. साहेबांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं राहिलंय तेही. पहाटे पाचला जाग येते, मग काय करणार, म्हणाल्या, तुमच्या घरापासून सुरुवात करते.

योहानाच्या शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळ म्हणतो की मी माझ्या मेंढरांना ओळखतो आणि माझी मेंढरं मला ओळखतात. त्या खोलीत वचनाचा दुसरा अर्धा भाग तेवढा खरा होता.

साहेब खुर्ची शोधत होते. खुर्चीवर औषधं होती. ते पत्र्याच्या ट्रंकेवर बसले. मला वाटलं आता स्तोत्र वाचतील, प्रार्थना करतील आणि आम्ही निघू. मी डोळे मिटायच्या तयारीतही होतो. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. बराच वेळ काही बोललेही नाहीत. खालच्या अंगणात कुणीतरी बादली घासत होतं. मग त्यांनी विचारलं, "आक्का, तुमच्यासारखं अजून कोण आहे? जे येत नाहीत आणि मला माहीत नाहीत?"

आक्कांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. विचारणाऱ्याला खरंच ऐकायचंय का, हे बघत असाव्यात. मग सुरू झाल्या. साहेबांनी खिसे चाचपले, कागद नव्हता. माझ्या फायलीत थकबाकीच्या पत्राचे कोरे नमुने होते. त्यांनी एक ओढला, पालथा केला आणि लिहू लागले.

बेकरीच्या मागे, तळमजला. मुलगा दुबईला. रोज फोन येतो म्हणून सांगेल, येत नाही. तुम्ही विचारू नका.

पाण्याच्या टाकीपाशी, नवरा पितो. तो घरी असतानाच जा. नसताना गेलात तर मागाहून तिला बोलणी बसतात.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक. कान गेलेत, म्हणून येत नाहीत, रुसलेत म्हणून नाही. कमिटीला वाटतं रुसलेत.

कमिटी म्हणजे मी. मी मान खाली घालून फाईल नीट करू लागलो. सहा महिने खाटेवर पडलेल्या बाईने ११ घरं सांगितली, त्यांतली ९ माझ्या त्या १९ पत्रांत होती. कागदाची पाठ भरली तेव्हा साहेबांनी दुसरा नमुना मागितला.

"आणि ह्या शेवटच्यांकडं सकाळी नका जाऊ," आक्का म्हणाल्या. "सकाळी नळाला पाणी येतं. दुपारी जा, तीननंतर."

साहेबांनी लिहिलं: तीननंतर. येत्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घेऊन येतो म्हणाले. आक्का म्हणाल्या, या. मग आम्ही निघालो. मी दारात चपला घालत होतो तेवढ्यात मागून हाक आली.

"गुरुजी, सहाशे पाठवले होते. पावती राहिली."